खाली खोली वर आहे

वनमालाबाई भावे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेली सोळा वर्षं राहत आहेत. गाव आवडलं म्हणून राहिलात का, असं कोणी विचारलं तर त्या सरळ नाही म्हणतात.

१९२७ च्या वैशाखात त्या इथे प्रथम आल्या. त्यांचे यजमान श्रीपाद यांना सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्याची नोकरी लागली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. वनमालाबाईंनी निघतानाच अट घातली होती. आधी तीन दिवस गाव पाहीन. राहण्यासारखं वाटलं तर राहीन, नाहीतर मी वाईला माहेरी आणि तुम्ही इथे. त्या चिडून बोलल्या नव्हत्या. त्यामुळे श्रीपादरावांना ते जास्त खरं वाटलं.

वाईहून वाठारपर्यंत मोटार आणि पुढे तीन आगगाड्या, असा प्रवास करून दोघं गुरुवारी भर दुपारी स्टेशनाबाहेर पडले. समोर टांगेवाला ओरडत होता, "खाली है बाबूजी, खाली!" श्रीपादरावांनी वाकून टांग्याखाली पाहिलं.

"काय पडलंय?" वनमालाबाईंनी विचारलं.

"काही दिसत नाही."

"तुम्हाला हिंदी येतं म्हणाला होतात."

"मराठीच असते गं ती. शेवटी है लावायचं."

स्टेशनाजवळच्या पडाव भागातल्या धर्मशाळेत ट्रंक टाकून शुक्रवारी ते किल्ल्यावर गेले. चढ उभा होता आणि आठ वाजताच दगड तापले होते. श्रीपादरावांनी मानमंदिराच्या भिंतीवरची निळी-पिवळी बदकं दाखवली. वनमालाबाईंनी ती पाहिली आणि सावली कुठे आहे ते विचारलं. पुढे शेजारी शेजारी दोन देवळं होती. श्रीपादराव म्हणाले, "यांना सास-बहूची देवळं म्हणतात. मोठं सासूचं, लहान सुनेचं."

"म्हणजे इथेही तसंच."

शनिवारी तानसेनाची कबर झाली. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून श्रीपादरावांनी दोन पानं तोडून पुढे केली. "मला गायचं नाहीये," त्या म्हणाल्या, "बसायचंय."

या तीन दिवसांत त्यांच्याशी नवऱ्याखेरीज कोणी चार वाक्यं बोललं नव्हतं. धर्मशाळेतली बाई काय विचारायची ते त्यांना कळत नसे आणि त्या काय सांगत ते तिला. बाजारात त्यांनी ताक मागितलं तर दुकानदाराने तीनदा "क्या?" केलं आणि शेवटी दही दिलं. सकाळी पुऱ्या, संध्याकाळी पुऱ्या. पोट जड, डोकं जड. रविवारी उजाडताच त्यांनी ट्रंक बांधायला घेतली.

"एक घर तरी बघू," श्रीपादराव म्हणाले. "मग तुझं तू ठरव."

"एकच," त्या म्हणाल्या.

शोधता शोधता दुपार झाली. टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत एका दारावर खडूने लिहिलं होतं, 'मकान खाली है'. दारातून आत गेलं की एक जिना वर जात होता आणि एक तळघरात. श्रीपादरावांनी अक्षर न् अक्षर वाचलं, तपासलं आणि ते खाली गेले. वनमालाबाई दारातच उभ्या राहिल्या.

तळघरात गारवा आणि काळोख होता. त्या गारव्यात घरमालक नाना पंचा नेसून दुपारची झोप घेत होते. श्रीपादरावांचा पाय त्यांच्या पोटावर पडला.

"अरे कोण आहे? चोर! चोर!"

वरून एक ठुसकी, पांढऱ्या केसांची बाई लगबगीने उतरली. या नानांच्या पत्नी इंदुताई. "काय झालं हो? हल्ला कसला होऊन राहिला?"

हल्ला म्हणजे इथे नुसता आरडाओरडा, हे ठाऊक नसल्याने वनमालाबाईंनी भिंत धरली. तेवढ्यात श्रीपादराव हात जोडत वर आले. "माफ करा, घर खाली आहे असं लिहिलंय म्हणून..."

इंदुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, दारावरच्या अक्षरांकडे पाहिलं. "दक्षिणेतून आले तुम्ही?"

"वाईहून."

"अहो, खाली म्हणजे रिकामी! खाली खोली वर आहे. खाली आमचे हे झोपतात." मग तळघराकडे तोंड करून, "पडून रहा हो, मराठी आहेत!"

"मराठी माणसं पोटावर पाय देतात का?" खालून आवाज आला.

"आणि काम काय करता?" इंदुताईंनी विचारलं.

श्रीपादरावांनी हळू आवाजात सांगितलं. "छापखान्यात. चुका तपासायला."

"मग दरबारची फर्मानं आता तळघरातून निघणार म्हणायची," इंदुताई म्हणाल्या.

वनमालाबाई हसल्या नाहीत. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. "पाणी मिळेल का?"

"विहीर खाली आहे ना."

"रिकामी?"

"नाही हो बाई, चौकात! खाली!" इंदुताई हसत सुटल्या, मग तांब्या-भांडं घेऊन आल्या आणि त्यांच्याच पायरीवर बसल्या. "पिऊन घ्या आरामात. थकून गेल्या असाल. आमच्या सासूबाई इकडे आल्या तेव्हा महिनाभर रडल्या म्हणतात. मी इथलीच. माझं बोलणं असंच आहे, खिचडी. समजून जाते ना तुम्हाला?"

"समजतं."

पाणी पिऊन झाल्यावर वनमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ट्रंक इकडे आणा."

"किल्ला आवडला ना? मला वाटलंच."

"किल्ल्याचं नाव काढू नका. परत तीन गाड्या बदलायचं त्राण नाही माझ्यात. आणि या बाईंचं बोलणं अर्धं तरी कळतं."

खोली त्यांनी वर जाऊन पाहिलीसुद्धा नाही. सोमवारी श्रीपादराव त्याच घरातून कामावर गेले. किल्ल्यावर वनमालाबाई पुन्हा कधी चढल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे भाऊ मुकुंदराव वाईहून आले. प्रवासाने आंबलेले. अंघोळीला पाणी मागत होते. वनमालाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "दादा, ती बादली खाली आहे बघ, घे."

मुकुंदरावांनी वाकून खाटेखाली पाहिलं.

"तिथे काय शोधतोयस?" वनमालाबाई म्हणाल्या. "समोर तर ठेवलीय."