कान तेवढा राहिला

"जवळून काय पायतं, भाऊ? तिकून पाय!" असं म्हणत तो माझा दंड धरून मला थेट रस्त्यापर्यंत मागे न्यायचा आणि स्वतः एक डोळा मिटून उभा राहायचा.

मारेगावात माझं फोटोफ्रेमचं दुकान होतं. शेजारच्या खोलीत हा पेंटर रंगवायचा. घरातलं माणूस गेलं की लोक त्याच्याकडे यायचे. लहानशा फोटोवरून मोठी तसबीर हवी असायची. हार घातलेले असे गुळगुळीत चेहरे तुम्हीही पाहिले असतील. ओल्या रंगावरून तो मऊ, कोरडा ब्रश इतका हलका फिरवायचा की एक रेघ दिसू नये. लोक म्हणायचे, "फोटोच जनू!" तो खूश व्हायचा.

महाराष्ट्र झाला त्या सुमारास तो एका तांड्यावर गेला आणि तिथल्या म्हातारीला समोर बसवून रंगवू लागला. ती बसेल तर ना! मधेच शेण उचलायला उठायची, कोंबड्यांना शिव्या द्यायची. "मले मेली समजला का रे? चूप बसवून राह्यला!" मग याने रुंद ब्रश घेतला आणि सापडेल तशी तिला पकडली.

परत आला तो वेगळाच. "जितं मानूस घोटीव नसते, भाऊ," म्हणाला. तेव्हापासून रंग जिथे टेकला तिथेच राहू देऊ लागला. जवळून नुसते फटकारे. रस्त्यावरून पाहिलं की माणूस आता बोलेल असं वाटायचं.

एका मोठ्या शेतकऱ्याच्या तेरवीसाठी त्याने तशीच तसबीर केली, फ्रेमसाठी माझ्याकडे ठेवली आणि रंग आणायला यवतमाळला गेला. मला धास्ती पडली. गिऱ्हाईक जवळून पाहणार, बापाचं असं खरबरीत तोंड घेणारच नाही. रंग अजून ओला होता. मी त्याचाच मऊ ब्रश उचलला. गाल, कपाळ, मिशा, सगळं घोटून काढलं. कानाशी आलो तेवढ्यात त्या शेतकऱ्याच्या मुलाची बैलांची दमणी दारात थांबली.

"वा! फोटोच जनू," मुलगा म्हणाला.

तेरवीच्या दिवशी पेंटर पंगत बसेपर्यंत तसबिरीसमोर उभा होता. मग त्याने मला हळूच विचारलं, "हे मीच केलं काय, भाऊ?"

चार माणसं ऐकत होती. मी हसून म्हणालो, "तूच ना, पेंटर! डोयाचा नंबर वाढला वाटते तुह्या!"

सगळे हसले. "असन बा," तो म्हणाला. त्याला कळलं होतं का, मला आजही माहीत नाही.

थट्टा गावभर झाली. पेंटरची नजर गेली, असं लोक बोलू लागले. गिऱ्हाईक तुटलं. तो स्वतःच कधी कधी हात डोळ्यांसमोर धरून पाहायचा. रुंद ब्रश त्याने पुन्हा घेतला नाही. पुढे राजूरच्या खाणीवर कोळशाच्या डब्यांवर आकडे रंगवायला गेला आणि तिकडेच वारला.

त्याची नजर चांगली होती. गावात हे कोणालाच माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच शेतकऱ्याच्या घरी लग्नाचं जेवण होतं. तसबीर अजून आहे. मी मागे सरत सरत समोरच्या भिंतीला टेकलो. चेहरा मेणासारखा सपाट. कान मात्र जिवंत, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखा.

"आबाजी, तिकून काय दिसते?" घरची सून म्हणाली. "जवळ या ना."

मी तिथेच उभा राहिलो.