टग दोनचा आवाज

बर्फाच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या धडधडाटात उभा जन्म गेल्यामुळे काकांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. कामगार त्यांना 'भोंगा' म्हणत. घरातही तीच पट्टी. त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडून बघायचे.

एकुलती एक मुलगी बंदरात टगवर लागली. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ती बुटकी बोट. ते कळलं त्या दिवशी काका जिन्यात उभे राहून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असे तिच्यावर ओरडले. ती बॅग उचलून गेली. तेव्हापासून आईला तिचा फोन यायचा, बापाला नाही.

निवृत्त झाल्यावर काकांनी जुना स्कॅनर आणला. बंदरातलं वायरलेसवरचं बोलणं त्यावर ऐकू यायचं. सकाळी चहा निवत असायचा आणि खरखरीतून एक बारीक आवाज यायचा, "टग दोन, दोर सोडला." बस्स, एवढंच. काकांचा दिवस त्यावर निघायचा.

"हवामान ऐकतोय," ते बायकोला सांगायचे.

"ऐका, ऐका. आज हवामानाला सर्दी झालेली दिसतेय."

मग समोरच्या गच्चीवर एफएमचा मनोरा उभा राहिला. स्कॅनर कुठेही लावा, गाणी आणि साबणाच्या जाहिराती. काकांनी अँटेना उंच केली, गाणी आणखी चढली. त्या गोंगाटात टग दोन बुडाली ती बुडालीच.

शेवटी त्यांनी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो हसला. "काका, सेट बहिरा नाहीये. जवळचा एवढा बोंबलतोय की लांबच्याचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अँटेना वाढवाल तेवढं बिघडेल. त्या एकट्याचं तोंड दाबायला हवं."

"या घरालाही एक बसवा तसलं काही," बायको म्हणाली.

एरवी काका गरजले असते. आज नुसते सेटकडे बघत राहिले.

काही दिवसांनी दुरुस्तीवाल्याने काडेपेटीएवढा फिल्टर आणून अँटेना आणि सेटच्या मध्ये जोडला. गाणी विरली. काका कान लावून बसले.

"टग दोन, दोर सोडला."

स्पष्ट, खणखणीत. पुरुषाचा आवाज.

"बदली झाली तिची," बायको दारातून म्हणाली. "लांबच्या बंदरात. गेली मागच्याच आठवड्यात."

"मला सांगितलं नाहीस?"

"हवामानाची बदली झाली म्हणून सांगू? एकदा तरी तिचं नाव काढलंत?"

काकांनी सेट बंद केला. मग काका इतकं हळू म्हणाले की तिला पुढे वाकावं लागलं, "फोन लाव."

तिने लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"आई? बोल ना."

काकांनी तोंड उघडलं. मघाचा तो हळू आवाज काही केल्या निघेना आणि ओरडायची तर आता भीती वाटत होती.

"आई, आवाज येत नाहीये तुझा," पलीकडून मुलगी म्हणाली. "ठेवते मी. नंतर कर."