हिलारियाने धरलेला पतंग

आमच्या लगूनाचे, समुद्राकाठच्या उथळ खाडीचे, पाणी गुडघाभर. मैलभर आत चालत जावे तरी कंबर भिजत नाही. परगावचे लोक हसतात, इथे बुडायचे तर आडवे पडावे लागेल म्हणतात. आम्ही हसत नाही. इथे माणसाला पाणी मारत नाही, वारा मारतो.

हिलारिया गार्सा ह्याच पाण्याच्या काठी जन्मली. तिचा बाप कोळंबीच्या बोटीवर होता आणि मी त्याच बोटींची जाळी विणत म्हातारा झालो, म्हणून ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. पोर्ट इझाबेलला ती शाळेची बस चालवते. शेवटचे पोर बाकावर टेकल्याशिवाय तिची बस हलत नाही. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून आभाळ डोक्यावर घेतले, तरी तिची भुवई हलत नाही.

चाळिशी उलटल्यावर ती पतंगावर स्वार व्हायला शिकली. पायांत फळी, कमरेला पट्टा, हातात दांडा आणि वर खोलीएवढा पतंग. हिलारियाला आम्ही हिला म्हणतो. गावच्या बायका म्हणाल्या, "हिला, ह्या वयात?" ती म्हणाली, "मग कोणत्या वयात? मेल्यावर वारा लागत नाही."

हा पतंग एकट्याने चढवायचा नसतो. दोऱ्यांच्या एका टोकाला स्वार उभा राहतो, दुसऱ्या टोकाला कोणीतरी पतंगाची फुगलेली कड दोन्ही हातांनी धरून असते. स्वाराने अंगठा वर केला की धरणाऱ्याने सोडायचे. हे सगळीकडे असेच. पण आमच्या काठावर आणखी एक नियम आहे. धरणाऱ्याला आभाळ बरे वाटले नाही तर तो सोडत नाही. आणि एकाने नाही म्हटले, की त्या दिवशी त्या पतंगाला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

हा नियम चेमा लोंगोरियाच्या मरणातून आला. हिलारियाला शिकवले ते चेमानेच. एका हिवाळ्यात उत्तरेकडून नॉर्दर यायचा होता. हा आमचा थंडीतला वारा, येण्याआधी आभाळाच्या कडेला निळी रेघ ओढतो आणि मग दारे न ठोठावता आत शिरतो. हिलारिया चेमाचा पतंग धरून होती. ती नाही म्हणाली. चेमा हसला, त्याने दुसऱ्याला हाक मारली आणि दुसऱ्याने सोडला. नॉर्दरने चेमाला उचलले आणि धक्क्याच्या दगडांवर आणून टाकले.

तो दुसरा म्हणजे हिलारियाचा धाकटा भाऊ नीव्हेस. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

तेव्हापासून दर वर्षी चेमाच्या दिवशी, म्हणजे तो गेला त्या तारखेला, सगळे स्वार वाऱ्यापुढे उत्तरेला जात. तिकडे पाण्यात खांबांवर चेमाचे मासेमारीचे खोपट उभे आहे. तिथे पोचून प्रत्येक जण थोडी बिअर पाण्यात ओतायचा, मग बोटीने परत. पुढे नेहमी नीव्हेस. एकही वर्ष चुकले नव्हते. ते चुकू नये म्हणून नीव्हेस वर्षभर जगतो, असे मला कधी कधी वाटायचे.

त्या वर्षी चेमाच्या दिवशी सकाळी दक्षिणेचा चांगला वारा होता. लोक जमेपर्यंत तो पडला. आमची माणसे फसतात ती इथेच. कमी वाऱ्याला मोठा पतंग लागतो, म्हणून वारा पडला की जो तो धावत जाऊन मोठा पतंग फुगवतो. दमलेला वारा आणि दबा धरून बसलेला वारा, दोन्ही अंगाला सारखेच लागतात.

नीव्हेसनेही लहान पतंग गुंडाळला आणि घरातला सगळ्यांत मोठा काढला. तोवर हिलारिया आपल्या पिकअपच्या सावलीत मोबाईल घेऊन बसली होती. किनाऱ्यावर जागोजागी वारा मोजणारी यंत्रे आहेत, त्यांचे आकडे मोबाईलवर दिसतात. अंदाज सांगत होता, नॉर्दर रात्री. हिलारिया अंदाज वाचते, पण अंदाज म्हणजे कोणीतरी काल केलेला विचार, असे तिचे म्हणणे. वरच्या, उत्तरेकडच्या गावांत आत्ता काय चालले आहे, ते ती आधी बघते. आमच्याच किनाऱ्यावर उत्तरेला असलेल्या बॅफिनच्या खाडीवरचा वारा फिरून उत्तरेचा झाला होता आणि तिथला पारा घसरला होता. तिने उठून उत्तरेकडे पाहिले. आभाळ स्वच्छ. तिने काठीला बांधलेली फीत पाहिली. ती ओल्या चिंधीसारखी लोंबत होती.

दक्षिणेचा वारा पुन्हा जरासा भरला. नीव्हेसने पतंग तिच्या हातात दिला, कारण दर वर्षी त्याचा पतंग तीच धरते. तो दोऱ्यांच्या टोकाला गेला, पट्ट्याला दांडा अडकवला आणि त्याने अंगठा वर केला.

ती सोडेना.

"हिला, झोप लागली का?" तो तिकडून ओरडला.

"जागी आहे. म्हणूनच धरलाय."

मागे रांगेत डस्टी होता. तो सुतार आहे आणि त्याला सगळ्यांत बोलायची हौस. "ओ बाई, ही तुमची बस नाहीये."

"बस असती तर तुला मागच्याच थांब्यावर उतरवला असता."

लोक हसले. नीव्हेस हसला नाही. "अंदाज रात्रीचा आहे. तोवर आपण जाऊन परत येऊ."

"बॅफिनला वारा फिरलाय. तुम्ही त्याच्याच दिशेने निघालाय. तो वाटेत भेटेल, आणि तिथे ना रस्ता, ना माणूस."

"आणि वाटेत तो मंदावला तर?"

"मंदावेलही."

"मग?"

"मग हिलारिया चुकली म्हणून गावभर सांगत फिर. आत्ता नाही."

नीव्हेसचा आवाज उतरला. "आज चेमाचा दिवस आहे, हिला."

"मला सांगतोस? चेमाला 'नाही' मीच म्हटलं होतं. सोडलास तू."

इतक्या वर्षांत हे वाक्य काठावर कोणी उच्चारले नव्हते.

"आता कोणाला हाक मारायची ती मार," ती म्हणाली. "बघू कोण येतंय."

नीव्हेसने डस्टीकडे पाहिले. डस्टीने आपल्या हातांकडे पाहिले आणि ते खिशात घातले. रांगेतल्या कोणीच पाऊल उचलले नाही. नीव्हेसने पट्ट्यातून दांडा सोडवला, चालत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सूड उगवतेयस तू माझ्यावर."

"सूडच घ्यायचा असता तर सोडला असता."

तिने पतंग उलटा करून वाळूवर ठेवला, वर ओंजळी ओंजळीने वाळू टाकली आणि शेजारी बसली. पिशवीतला मक्याच्या पानात उकडलेला गार तमाले काढून खाऊ लागली. पुढे जाणारा नीव्हेसच बसला, तसे बाकीचेही बसले.

आणि मग वारा आला. दक्षिणेचाच. भरदार, सरळ, लोण्यासारखा. सगळ्या हंगामात असा वारा वाहिला नव्हता. लगूनावर नुसता प्रकाश पसरला होता आणि त्यावर एकही पतंग नव्हता.

"काय सुंदर वारा आहे हो बसबाई," कोणीतरी म्हणाले.

"हो, सुंदर आहे," ती म्हणाली. "बघून घ्या."

कोणी तिच्याजवळ बसले नाही. मी बसलो. तिची मान ताठ होती. मी म्हटले, "हिला, वारा टिकला की गं."

"टिकू दे," ती म्हणाली. "मी वाऱ्याशी पैज नाही लावली."

ऊन तिरपे झाले तेव्हा वारा तुटला. दोरा तुटावा तसा. पेलिकन खाली उतरून पाण्यावर बसले. उत्तरेला निळी रेघ दिसली, ती जाड झाली, आणि लोकांनी जाकिटे शोधायच्या आत नॉर्दर अंगावर आला. वाळू सुयांसारखी टोचू लागली. डस्टीचा न गुंडाळलेला पतंग कोलांट्या खात कुंपणावर जाऊन फाटला. सगळे गाड्यांत शिरले आणि काचांमागून पांढरे झालेले पाणी बघत राहिले.

तिचे नाही म्हणणे बरोबर होते का, हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे. नीव्हेस म्हणतो, मधला तो वारा पुरला असता, नॉर्दर आला तेव्हा आम्ही बोटीतून परतून घरी बिअर पीत असतो. हिशेब मांडला तर त्याचेही खरे असेल. त्याने हे हिलारियाला तोंडावर सांगितले.

"पोचला असतास," ती म्हणाली. "तरी नाहीच म्हटलं असतं. पुढच्या वर्षीही म्हणेन."

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. ईस्टरच्या जेवणाला आला तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. ती त्याच्या ताटात नेहमीसारखे वाढत राहिली आणि माफी मात्र मागितली नाही.

वसंताचे वारे भरात आल्यावर एका सकाळी आम्ही सगळे काठावर होतो. नीव्हेसने पतंग फुगवला. डस्टी हात पुढे करून धरायला आला. नीव्हेस त्याच्या बाजूने निघून सरळ हिलारियाकडे गेला.

"धर," तो म्हणाला. "आणि जरा लवकर."

"लवकर माझ्याकडे मिळत नाही."

तिने पतंग आधी त्यालाच धरायला लावला आणि मोबाईल काढून वरच्या गावांचा वारा एकेक करून पाहिला. मग उत्तरेला पाहिले. मग फितीकडे. मग कड हातात घेतली. नीव्हेस टोकाला गेला, पट्ट्याला दांडा अडकवला, त्याने अंगठा वर केला. डस्टीने गाडीचा भोंगा वाजवला. ती पुन्हा एकदा उत्तरेकडे बघत होती.

नीव्हेस अंगठा वर करून उभा राहिला, हात अवघडेपर्यंत.