विहिरीतून अंतराळात

बँड दोघांचाच असला की किस्से जास्त साठतात, कारण चूक कोणाची यावर कधीच एकमत होत नाही. दत्तूला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. त्याचं ऐकू नका!

साल बाहत्तर. दत्तू संबळ वाजवायचा, मी इलेक्ट्रिक गिटार. झाडं, वारा, चंद्र, तारे यांच्यावर गाणी रचून आम्हाला आमची पहिली लाँगप्ले रेकॉर्ड काढायची होती. दत्तूच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मुदत घातली होती. "दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत निघाली तर निघाली. न्हाईतर मुकाट कारखान्यात कामाला लागायचं!" दत्तू गेला की बँड म्हणजे मी एकटा.

*

राहुरीत आमचा कार्यक्रम ठरला. पेंटरला बोर्ड सांगितला 'सायकेडेलिक संगीत', म्हणजे तेव्हा परदेशात गाजणारं गुंगवून टाकणारं संगीत. त्याने रंगवला 'सायकल-डेलिक संगीत', आणि खाली हौसेने दोन चाकंही काढली! कार्यक्रमाच्या आधी एक गृहस्थ सायकल ढकलत आले.

"पंक्चर काढता का?"

दत्तू म्हणाला, "न्हाई दादा, आमी पाडतो!"

ते तिथेच बसले. शेवटपर्यंत थांबलेले श्रोते तेवढेच.

*

अंतराळाच्या गाण्याला आवाज घुमायला हवा. एको मशीन आणणार कुठून? पण दुष्काळाने विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या होत्या. दत्तू माइक घेऊन तळाला उतरला, मी काठावर टेपरेकॉर्डर सांभाळत बसलो. गाण्यातला माणूस चंद्राला विनवतो, म्हणून दत्तू जीव तोडून गात होता, "मला वर घ्याऽऽ, मला वर घ्याऽऽ!"

शेजारच्या मळ्यातली सखूमावशी ओरडत आली. मागोमाग आठ-दहा माणसं, हातात दोर! मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दत्तूला ओढून वर काढलं.

"जीव द्याया निगाला हुतास व्हय रं?"

"न्हाई मावशे, गानं म्हनत हुतो."

मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गान्यानं एवढं दुकतंय?"

*

टेप घेऊन आम्ही मुंबईला एका रेकॉर्ड कंपनीत गेलो. साहेब डोळे मिटून ऐकत होते.

"वा! असं कधी ऐकलंच नव्हतं!"

तेवढ्यात असिस्टंट पुटपुटला, "सर, टेप उलटी लागलीय."

साहेबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मग सुलटी लावू नका!"

रेकॉर्ड निघणार हे ठरलं. इतकं हायसं वाटलं की जिना उतरताना आम्ही दोघंही पायरी चुकलो.

*

पण दसरा झाला, बॉयलर पेटला, तरी रेकॉर्डचा पत्ता नाही. आप्पांनी चेअरमनना शब्द देऊन टाकला. बुधवारपासून दत्तूने कामावर जायचं.

मग रेकॉर्ड कंपनीचं कार्ड आलं. साहेब शुद्ध मराठीचे अभिमानी, रेकॉर्डला रेकॉर्ड म्हणतील तर शपथ! "तुमची तबकडी मंगळवारी सकाळी राहुरीस उतरेल. दोघांनी स्टँडवर हजर राहावे." पोस्टमनने ते आमच्या हातात पडायच्या आधी पारावर मोठ्याने वाचलं. पेपरात तेव्हा उडत्या तबकड्यांच्या बातम्या यायच्या.

मंगळवारी स्टँडवर ही गर्दी! सगळे आभाळाकडे बघत होते. मला वाटलं, आपले चाहते असे लाजाळू! एस.टी. आली आणि कंडक्टरने एक चपटं खोकं माझ्या हातात ठेवलं. मी ते तिथेच फोडलं. रेकॉर्ड शाबूत होती. मला रडूच फुटलं, आनंदाचं, आणि उद्या बुधवार म्हणूनही.

तेवढ्यात गर्दी सारत आप्पा आले. डोक्याला पटका नाही, पायात वहाणा नाहीत. त्यांनी दत्तूचं मनगट गच्च धरलं.

"ही तबकडी?"

"व्हय, आप्पा."

"हिच्यात मानूस बसत न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

आप्पा मटकन खाली बसले. मनगट मात्र सोडलं नाही.

"ऱ्हाऊ दे त्यो कारखाना. काय वाजवायचं ते वाजव. पर हितंच ऱ्हा, बाबा!"