पानवेल उतरवताना सापडलेले क्रियापद

एखाद्याला पुढे जायला आपण मदत केली असे म्हणतो, तेव्हा आपण नेमके काय केलेले असते? हा प्रश्न मला निवृत्तीनंतर, फुलपाड्यातल्या माझ्या खिडकीशी एक शिफारसपत्र लिहिताना पडला आणि त्याचे उत्तर मी सवयीने इंग्रजी क्रियापदांत शोधू लागले.

पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीसाठी होते. वसईजवळच्या बागायतदार घरातली ती मुलगी आता तिशीची झाली आहे. बागकाम शिकवणाऱ्या एका संस्थेत शिक्षिकेची जागा निघाली होती आणि ती तिला मनापासून हवी होती. अर्जासोबत शाळेतल्या शिक्षकाचे इंग्रजी पत्र सोमवारपर्यंत द्यायचे होते.

माझी सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात झाली, त्यामुळे शब्दांची वाण नव्हती. मी ते वहीत मांडले. ‘प्रमोट’ वरच्या पायरीवर नेते. ‘एक्सपेडाइट’ रेंगाळलेल्या कामाला वेग देते. ‘फॅसिलिटेट’ वाटेतली अडचण दूर करते. ‘फर्दर’ एखाद्या कामाला किंवा हेतूला लागते, माणसाला सहसा लागत नाही. ‘फॉस्टर’मध्ये जोपासना आहे, आणि तिला वेळ लागतो. शेवटी ‘प्रमोट’ आणि ‘ॲडव्हान्स’ ही दोन भारदस्त क्रियापदे घालून मी पत्र पुरे केले आणि शनिवारी दुपारी ते घेऊन तिच्या वाडीत गेले.

थंडी सरत आली होती. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत, म्हणून मी ती बांधावर काढली. आतली माती ओलसर, गार होती. वेलींच्या रांगांतून येणारे ऊन हिरवे होऊन अंगावर पडत होते आणि पाटाचे पाणी इतके हळू चालले होते की ते वाहते आहे की नुसते चमकते आहे, हे कळू नये. मी किती वेळ तशी उभी राहिले, ते मला सांगता येणार नाही.

तिचे वडील वेल उतरवत होते. वर्षातून एकदा, काठीच्या टोकाला पोचलेली वेल ते सोडवून खाली घेतात, तिचा खालचा भाग बुंध्याशी वेटोळा करून मातीत पुरतात आणि वरचा हातभर शेंडा पुन्हा काठीला बांधतात. मी मदत म्हणून एका वेलीचा शेंडा धरला आणि ती उंच दिसावी म्हणून वर ओढली. पेराशी ती तुटली.

“ओढायची नसते, बाई,” ते शांतपणे म्हणाले. “चढायचं काम तिचं. आपण बांधायचं, तेही सैल.”

“पण इतकी चढलेली वेल खाली का आणायची?”

“नाही आणली तर पान बारीक पडतं. मातीशी आली की नवी मुळं धरते.” केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीची, गाठ मारत ते हसले. “तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीही आमच्या लेकीला उतरवली होतीत की, नववीत.”

“बाबा, तो विषय काढायलाच हवा का?” ती पलीकडच्या रांगेतून म्हणाली.

ते खरे होते. नववीत मी तिला इंग्रजीत नापास केले होते. सहकारी म्हणत, ढकला वर, काय बिघडते? मी ढकलले नाही. नववीच्या त्या दुसऱ्या वर्षी ती आठवड्यातून दोनदा दुपारी माझ्याकडे येई, केळीच्या पानात गुंडाळलेली विड्याची पाने पुढे ठेवी आणि आम्ही पहिल्या धड्यापासून वाचत बसू. माझ्या पत्रात त्या वर्षाचा उल्लेखच नव्हता. मी तिला वर नेले, असे मात्र दोन क्रियापदांनी लिहिले होते.

मी पत्र पिशवीतून काढलेच नाही. तिथेच बांधावर बसून नवे लिहिले. ही मुलगी एक वर्ष मागे राहिली, मीच तिला मागे ठेवले, त्या वर्षात मी तिच्यासोबत वाचले, पुढे ती स्वतः गेली. क्रियापद एकच वापरले, पाचवीतले मूलही लिहील असे: ‘हेल्प’.

तिने ते उभ्यानेच वाचले.

“हे वाचून त्यांनी जागा नाही दिली तर?”

“मग पिशवीत दुसरे आहे. त्यात तू कधीच नापास झालेली नाहीस.”

ती म्हणाली, “ते दुसरं कोणाबद्दल आहे, बाई?” आणि हातातल्या पत्राची घडी घातली.

मुलाखतीत तिला त्या वर्षाबद्दलच विचारले. तिने वेल कशी उतरवतात ते सांगितले. जागा तिला मिळाली. पत्रामुळे की वेलीमुळे, हे मला ठाऊक नाही. मी तोडलेली वेल त्यांनी मातीत खोचली होती. ती लागली की नाही, हे विचारायचे राहून गेले.

‘हेल्प’ हे माझे उत्तर एका दुपारचे आणि एका वेलीचे आहे. ते तसेच स्वीकारू नये. कोणाच्या भल्यासाठी आपण शेवटचे जे पत्र लिहिले असेल, ते काढावे, त्यातल्या क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि त्यातले प्रत्येक काम आपण खरोखर केले होते का, हे कृपया स्वतः तपासून पाहावे.