शिंगांची पाकटं

सुक्या पाकट माशाचा वास आला की मला स्वतःचाच राग येतो. बीएस्सीला असताना, आटगावच्या घरी, मी तोंडापाशी शिंगं असलेल्या पाकटांच्या दोन जवळच्या जाती वहीत काढत होते. ‘दोन्ही सारखीच दिसतात’ म्हणून सरांनी वही दोनदा परत केली होती. मी पुरती वैतागले होते. तांदूळ निवडता निवडता आई डोकावली.

“एकाची शिंगं लांब काढ ना गो. बैलं आमी तशीच वळखतो.”

“तुला नाय कळत यातलं!” मी खेकसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या पुस्तकात नेमका तोच फरक सापडला. एकाची शिंगं लांब, दुसऱ्याची आखूड. तशी चित्रं काढली आणि सरांनी सही केली.

संध्याकाळी आईने विचारलं, “झाली गो सही?”

मी नुसतं “हो” म्हटलं.