आधी ख्यालीखुशाली

माझे अरबीचे सर जुन्या पुण्यातले निवृत्त प्राध्यापक. त्यांचा सिद्धांत पक्का: अरबीतले बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळातून फुटतात. लिहिणं, पुस्तक, लेखक, ऑफिस, सगळं एकाच मुळातलं. मूळ धरा, भाषा मागोमाग येते. मी हडपसरला नर्स. मला मस्कतची नोकरी हवी होती, तीही ताबडतोब. "अहो सर, पेशंट मूळ नाही विचारत, पाणी मागतो!" मी करवादायचे. "मग पोपटपंची करा," ते म्हणायचे. पुस्तकातला पहिला धडा ख्यालीखुशालीचा होता. तो आम्ही एकमताने सोडला. वेळ कुणाला होता?

मुलाखत व्हिडिओवर झाली. समोरच्या बाईंनी अरबीत विचारलं, कशी आहेस? "बरी." तब्येत? "बरी." घरचे कसे आहेत? परदेशी जाते म्हटल्यापासून लोणी काळभोरला माझे वडील, आबा, माझ्याशी बोलत नव्हते. "बरे," एवढंच म्हणून मी खऱ्या प्रश्नांची वाट बघत बसले. नंतर निरोप आला: भाषा येते, पण साधी विचारपूसही करत नाही; ही पेशंटशी बोलणार कशी? पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू.

सर चष्मा पुसत राहिले. "अहो, भाषा माणसांत वापरून येते, हे शिकवण्याच्या शास्त्रातलं पहिलं पान. तेच आपण न वाचता उलटलं." मग अडखळत, पहिल्यांदाच, त्यांनी मला अरबीत विचारलं, "घरचे कसे आहेत?"

"आबा बोलत नाहीत," मी अरबीतच म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. शब्द शोधावे लागले नाहीत.

बाहेर पडून, रिक्षात बसल्याबसल्या आबांना फोन लावला. गुडघा कसा आहे, ऊस कसा आहे, म्हैस काय म्हणतेय, विचारतच सुटले. पलीकडून नुसतं "हाय... बरं हाय." फोन बंद.

दुसऱ्या मुलाखतीत बाईंनी घरचं विचारल्यावर मी गुडघ्यापासून म्हशीपर्यंत सगळं सांगितलं, त्यांच्या आईचीही चौकशी केली. त्या हसल्या. नोकरी मिळाली.

आबांना कसं सांगावं म्हणून दिवसभर नुसती येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"बरी हायेस का?" मग जेवलीस का, खोकला गेला का. नोकरीचं सगळ्यात शेवटी.

"मिळाली," मी म्हणाले.

मग खाकरून म्हणाले, "तिकडं ऊन लई असंल, न्हाई?"